जूनपर्यंत थांबू

१४ ऑक्टोबर

वारा सुरू झाला. दुकानाची काच सकाळपासून दोनदा पुसली तरी धुळीचा थर आहेच. दुपारी चष्मा करायला कुणी आलं नाही म्हणून ही वही काढली. लग्नाआधी रोज लिहायचे, मग कधी सुटलं ते कळलंही नाही.

माझ्या नवऱ्याला, वेनचुंगला, काय गिळता येतं, कोणता शब्द अडतो, हे टिपायला डॉक्टरांनी सांगितलंय. ते वेगळ्या कागदावर लिहिते. तो कागद दवाखान्यात जातो. ही वही कुठेच जाणार नाही.

त्याच्या आजाराला एक लांबलचक नाव आहे. पण आमच्याकडे अशा माणसांना सगळे 'गोठत जाणारी माणसं' म्हणतात. शेजारीण सुद्धा तेच म्हणाली, आणि मग तोंडावर हात ठेवला. कुणाचं हातापासून सुरू होतं, कुणाचं पायापासून. त्याचं जिभेपासून झालं.

आज बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या ल्यू बाईंनी सरळ सांगितलं. आवाज चार महिने राहील, फार तर सहा. तोवर शंभर वाक्यं लॅपटॉपसमोर वाचून ठेवायची. त्यावरून एक प्रोग्राम त्याचा आवाज तयार करतो. पुढे बोलता येणार नाही तेव्हा तो टाइप करील, आणि हात गेले की नुसत्या नजरेने अक्षरं निवडील, आणि यंत्र त्याच्या आवाजात बोलेल. आमचा लॅपटॉप नऊ वर्षांचा. सुरू केला की केस वाळवायच्या यंत्रासारखा घोंगावतो. त्यावर हे काही चालणार नाही.

"या आठवड्यात घ्या," ल्यू बाई म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर वेनचुंग म्हणाला, "आत्ता घेण्यात अर्थ नाही. जानेवारीत नवीन चिप जाहीर होतेय."

मला हसू आलं. अठरा वर्षं हेच ऐकतेय.

१७ ऑक्टोबर

तो चिपा तपासतो. विज्ञान वसाहतीतल्या त्या पांढऱ्या इमारतीत, नखशिखान्त झगा घालून. बाजारात आज जे नवीन म्हणून विकतात ते त्याच्या टेबलावरून कित्येक महिन्यांपूर्वीच गेलेलं असतं. त्यामुळे दुकानात आलेली कुठलीही वस्तू त्याला शिळीच वाटते. पुढचं काय येणार ते त्याला माहीत असतं, पण सांगायची परवानगी नसते. तो फक्त म्हणतो, थांबा. नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात. दाताच्या डॉक्टरने तर त्याच्या तोंडात यंत्र असताना विचारलं होतं, लॅपटॉप आता घेऊ की थांबू. वेनचुंगने तसंच आ वासून बोटं दाखवली, तीन. तीन महिने.

यूतुंग तेरा वर्षांची झाली, तिला अजून स्वतःचा मिळालेला नाही. ती म्हणते, "बाबाला विचारून घ्यायचा असेल तर मी कॉलेजातही पाटी-पेन्सिल घेऊन जाणार."

मी म्हटलं, निदान दवाखान्यातल्या संगणकावर तरी वाचून ठेव. तर म्हणाला, एकदाच करू, नीट करू, दोनदा कशाला. फोनवर? फोनचा आवाज दाबलेला असतो. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आणि ते खरंही असतं. हाच त्याच्याशी भांडण्यातला त्रास.

२ नोव्हेंबर

'श' जातोय. 'शनिवार' म्हणताना तो थोडा थांबतो, पायरी चुकेल की काय असं वाटून माणूस थांबतो ना, तसा.

९ नोव्हेंबर

आज मी एकटीच गेले. त्याला सांगितलं नाही.

स्टेशनजवळच्या दुकानातल्या मुलीने ल्यू बाईंची चिठ्ठी वाचली आणि लगेच एक मॉडेल समोर ठेवलं. "ताई, यावर सगळं चालेल. अगदी आरामात." तिने खोका काढला, पिशवीत घातला. मी कार्ड पुढे केलं.

मग विचारलं, "आणि जानेवारीत काही नवीन येतंय का?"

ती हसली. "येतंच की. दर जानेवारीला येतं."

"मग तेव्हाच घ्यावा का?"

"ताई, तुम्हाला घाई आहे का?"

ती मुलगी जेमतेम बावीस वर्षांची असेल. दुकानात गाणी लागली होती. मला 'हो' म्हणता आलं नाही. म्हटलं, "नाही, घाई अशी काही नाही." तिने कार्ड परत दिलं.

परत येताना शेवया आणि मटणाचे गोळे घेतले. घरी आल्यावर वेनचुंगने विचारलं, कुठे गेली होतीस. मी पिशवी दाखवली.

का आले परत, ते नीटसं कळत नाही. कदाचित त्याचंच बरोबर असेल. वस्तू चांगली घ्यायची तर दोन महिन्यांनी काय फरक पडतो.

७ डिसेंबर

शिनपू गावी सासूबाईंकडे गेलो. अंगणभर गोल चाळण्यांवर पर्सिमनची नारिंगी फळं वाळत घातलेली. त्या एकेक फळ बोटांनी दाबत होत्या, म्हणजे आतून मऊ पडतं. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी दिवसाला दोन हजार फळं दाबतात. वेनचुंगसाठी पिकलेलं एक वेगळं ठेवलं होतं, ते चमच्याने भरवायला निघाल्या. त्याने चमचा काढून घेतला.

मी लॅपटॉपचं सांगितलं. मला वाटलं होतं तसंच त्या बोलल्या. "याचं लहानपणापासून असंच. सहावीत याला सायकल घ्यायला निघालो, तर म्हणे थांबा, गिअरची येणारेय. आली खरी. तोवर हा कॉलेजच्या वसतिगृहात गेला. सायकल मी वापरली, भाजी आणायला."

वेनचुंग काहीतरी म्हणाला. त्या माझ्याकडे वळल्या. "काय म्हणाला?"

स्वतःच्या आईला त्याचं बोलणं समजलं नाही, ही पहिली वेळ. त्यांच्या घरगुती बोलीत म्हणाला होता, ती बोली मला अर्धीच येते. तरी मीच सांगितलं. "म्हणतोय, गिअरमुळे तुमचे गुडघे वाचले."

त्या हसल्या, जरा उशिरा.

९ जानेवारी

चिप जाहीर झाली. त्याने बातमी दोनदा वाचली आणि म्हणाला, "मार्चमध्ये दुकानात येईल."

मार्च म्हणताना फक्त 'मा' ऐकू आलं. उरलेलं मी भरून घेतलं.

ल्यू बाईंचा फोन आला होता. मी सांगितलं, मार्च. त्या म्हणाल्या, "हुइरू, तुम्ही दोघं ठरवा. पण त्याने आधी आवाजाला विचारावं, मला नाही."

२४ जानेवारी

कंपनीच्या चांद्र वर्षअखेरच्या जेवणाला गेलो. त्याला जायचंच होतं. नवा शर्ट घेतला. चाळीस टेबलं, मधोमध मंच, आणि सोडत. त्याच्या गटातला त्सेंग आमच्या टेबलावर होता. तो वेनचुंगला 'चुंगदादा' म्हणतो, मला 'वहिनी'. वेनचुंगच्या ताटातली मासे-कोळंबी काढून त्याने गुपचूप मऊ अंडं आणून ठेवलं. वर म्हणाला, "तुमचं कोळंबीचं कर्ज माझ्यावर राहिलं, चुंगदादा, पुढच्या वर्षी फेडीन."

सोडतीत वेनचुंगचा नंबर लागला. भाताचा कुकर. आमच्याकडे रीत आहे, बक्षीस घ्यायला मंचावर जायचं आणि माइकवर दोन शब्द बोलायचे. मी त्याचा हात धरला होता. तो सोडवून तो गेला.

त्याने माइक घेतला. साहेबांचे आणि सगळ्यांचे आभार मानले. मला प्रत्येक शब्द समजला. बाकी सभागृहाला वाटलं तो प्यायलाय. कुणीतरी ओरडलं, "अजून एक पेग द्या याला." सगळे हसले, टाळ्या वाजवल्या. साहेबही हसत होते, मग त्यांच्या कानात कुणीतरी काही सांगितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

वेनचुंग कुकर दोन्ही हातांनी धरून परत आला. पायऱ्या उतरताना खाली बघत होता. त्सेंग उभा राहून एकटाच टाळ्या वाजवत राहिला, बाकीच्यांच्या थांबल्यावरसुद्धा. त्याने ते करायला नको होतं.

२७ जानेवारी

राजीनामा दिला. चिठ्ठीने.

१५ मार्च

चिप दुकानात आली. मी म्हटलं, चल. त्याने पाटी घेतली (यूतुंगची जुनी पांढरी पाटी, पेनाने लिहायची) आणि लिहिलं: पहिल्या खेपेत गरम होण्याचा त्रास असतो. जूनमध्ये तैपेईचं संगणकांचं प्रदर्शन आहे. तिथे सुधारलेली येईल. जूनपर्यंत थांबू.

मी ओरडले. आयुष्यात त्याच्यावर इतकी कधी ओरडले नव्हते. म्हटलं, जूनमध्ये कुणाचा आवाज वाचणार आहेस, शेजाऱ्याचा? आयुष्यभर उद्याची वस्तू बघून आजची टाकलीस, आता स्वतःलाही टाकतोयस. अजून बरंच. ते लिहीत नाही.

तो ऐकत होता. मग पाटी पुसली, बाहीने, हळू, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

यूतुंगने तिच्या खोलीचं दार लावून घेतलं.

१६ मार्च

पैसे माझ्या खात्यात आहेत. दुकानाचा रस्ता पाठ आहे. आजही जाऊ शकले असते. दुकानात दिवसभर बसून होते आणि एका आजोबांना तिसऱ्यांदा तीच काच घालून विचारलं, आता स्पष्ट दिसतंय का? ते म्हणाले, "ताई, ही तर मघाचीच आहे."

संध्याकाळी मी भात जास्त शिजवून अगदी पातळ केला. त्याला तसाच आवडायला लागलाय. म्हणजे, तसाच जातो.

५ एप्रिल

पितरांच्या कबरी झाडायचा दिवस. डोंगरावर तो चढू शकला नाही, खाली गाडीत बसला. सासूबाईंनी गवत उपटता उपटता विचारलं, "ते यंत्र आलं का?" मी म्हटलं, जूनमध्ये. "मग आता बोलतोय ते काही ठेवलंय का कशात?" मी म्हटलं, नाही. त्यांनी गवताची मुळं झटकली. खाली येऊन गाडीच्या खिडकीतून त्याच्याशी आपल्या बोलीत खूप वेळ बोलत राहिल्या. तो मान हलवत होता.

२८ एप्रिल

आता त्याचं बोलणं फक्त मला आणि यूतुंगला समजतं. तिला माझ्यापेक्षा जास्त. काल फोनवर तो काहीतरी म्हणाला आणि पलीकडच्या माणसाने ठेवून दिला. यूतुंगने परत लावला आणि म्हणाली, "ऐका काका, माझ्या बाबांना गॅसची टाकी हवीये, आणि तुम्ही माणसाच्या तोंडावर फोन ठेवता ते मला आवडलेलं नाही."

वेनचुंग हसला. हसताना अजून तोच आवाज येतो. आख्खा. शंभर वाक्यांत हसणं धरत नाहीत.

१३ मे

घरातले जुने व्हिडिओ शोधले. ल्यू बाई म्हणाल्या, जुना आवाज मिळाला तरी थोडा उपयोग होईल. यूतुंग आणि मी सगळी रविवारची सकाळ बसलो. जन्मापासूनचे वाढदिवस, समुद्र, शाळेची नाटकं. कॅमेरा नेहमी त्याच्या हातात. म्हणून तो कुठेच दिसत नाही, आणि त्याचं बोलणं म्हणजे, "इकडे बघा. एक, दोन, तीन." वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या जागी, एक, दोन, तीन. सगळं मिळून चार मिनिटं भरली.

ल्यू बाई म्हणाल्या, यावरून नाही होणार.

६ जून

आलं.

त्सेंग तैपेईच्या प्रदर्शनावरून सरळ आमच्याकडे आला. खोका त्याने मांडीवर घेऊन आणला होता. बरोबर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी. त्यांच्या इमारतीत प्रत्येक यंत्रावर ती ठेवतात, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं. हिरवीच लागते, आणि तारीख उलटलेली चालत नाही. यूतुंगने लगेच पुडी उलटून तारीख बघितली.

"अगं, दुकानातल्या सगळ्या पुड्या उपसल्या," त्सेंग म्हणाला. "सगळ्यात लांबची तारीख घेतलीये. दुकानदार म्हणाला, खायची आहे की सांभाळायची?"

वेनचुंगने पुडी स्वतः ठेवली. दोन्ही हातांनी, पण ठेवली.

त्सेंग सगळं जोडत होता. मी चहा केला. वेनचुंगच्या चहात, गिळता यावा म्हणून, तो दाट करायची पूड ढवळत मी सहज म्हटलं, "आठ महिने थांबलो याच्यासाठी. आता तरी चांगला असू दे."

त्सेंग म्हणाला, "चांगला आहेच वहिनी. पण खरं सांगायचं तर गेल्या वर्षीच्यात आणि याच्यात काय फरक आहे ते बघायला मला तुमच्या दुकानातलं भिंग लागेल. नाव बदललंय, झालं."

"पण ही नवी चिप..."

"तीच जुनी, नवे कपडे. चुंगदादाला आमच्या सगळ्यांच्या आधी माहीत. तपासणीचा अहवाल त्यानेच..." आणि मग तो थांबला. हातातली तार बघत राहिला. वेनचुंग कपात बघत होता.

त्सेंग चहा अर्धा टाकून गेला. दारात मला म्हणाला, "वहिनी, मी मूर्ख आहे." मी म्हटलं, नाही रे.

मग वेनचुंगसमोर बसले. "तुला माहीत होतं?"

पाटीवर लिहिलं: हो.

"कधीपासून?"

गेल्या ऑगस्टपासून.

म्हणजे आजार कळायच्या आधीपासून. म्हणजे ऑक्टोबरमध्ये गाडीत तो 'थांबू' म्हणाला तेव्हाही. "मग का?" मी विचारलं. ओरडले नाही. तेवढी ताकद नव्हती.

त्याने पेन पाटीवर धरलं. टोकाखाली शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. मग त्याने पेनाला टोपण लावलं.

७ जून

सवय असेल. अठरा वर्षं एकच उत्तर दिलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं येत नसेल. किंवा मानी स्वभाव. किंवा माझ्यावर कसला तरी राग, जो मला माहीत नाही. सकाळपासून हेच चाललंय डोक्यात. एका बाईंच्या चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवली.

ज्याच्यात काहीच नवीन नाही हे ठाऊक होतं, त्याची वाट बघायला लावली त्याने मला. काय मिळालं त्याला या आठ महिन्यांत? मला काय मिळालं ते मी विचारत नाही.

१० जून

ल्यू बाई घरी आल्या. वाचायला सुरुवात केली.

पडद्यावर एक वाक्य येतं. वाचायचं. नीट ऐकू आलं तर हिरवी खूण, नाहीतर लाल, पुन्हा वाचा. वाचायचं नसेल तर बाणाचं बटण दाबलं की पुढचं येतं.

पहिल्याच वाक्याला सात वेळा लाल. यूतुंग हातात उशी धरून सोफ्यावर बसली होती. तिला म्हटलं खेळायला जा, गेली नाही. आठव्यांदा हिरवं आलं तेव्हा तिने उशी तोंडावर दाबली.

तो चिकाटीने वाचत होता, हे मला सांगायलाच हवं. 'शिडीची तिसरी पायरी सैल आहे' हे वाक्य तर अकरा वेळा. सगळे 'श' आणि 'स', जे त्याचे केव्हाच गेलेत. घाम आला, मी पुसला, तो पुन्हा. 'निळ्या पेटीत सोळा स्क्रू आहेत', नऊ वेळा. तेही सोडलं नाही.

पण मधली काही सोडली. समोर वाक्य यायचं, तो वाचायचा, मनातल्या मनात, डोळे फिरताना दिसायचे, आणि बटण दाबायचा. एकदाही प्रयत्न न करता. मी म्हटलं, अरे हे सोपं आहे, बोल ना. त्याने पुन्हा बटण दाबलं.

दोन तासांत छत्तीस हिरवी. कमीत कमी शंभर हवीत. ल्यू बाईंनी बॅग भरताना माझ्याकडे बघितलं नाही. जिन्यात म्हणाल्या, आता जो आवाज बनेल तो असाच बनेल, आजच्यासारखा, अडखळणारा. नाहीतर प्रोग्राममध्ये तयार आवाज आहेत. पुरुषांचे चार आहेत. तिसरा बरा आहे. मी म्हटलं, बघू. त्या म्हणाल्या, सोडलेली वाक्यं लिहून ठेवा आणि सकाळी तीच आधी घ्या. सकाळी आवाज जरा ताजा असतो.

दुसरा कागद सापडत नाही म्हणून इथेच उतरवते.

६. उद्या सकाळी दूध आणायला मी जाईन.

१९. पुढच्या उन्हाळ्यात आपण समुद्रावर जाऊ.

२३. मुलगी कॉलेजात गेली की हे घर मोठं वाटेल.

३४. दोन वर्षांनी खिडक्यांना नवा रंग द्यावा लागेल.

४०. म्हातारपणी आपण गावाकडे राहू.

पाचच तर आहेत. यातला एकही शब्द कठीण नाही. समुद्र तर त्याला आवडतो. थकला असेल. उद्या नाश्त्याच्या आधी, आवाज ताजा असताना, याच पाचांपासून सुरुवात करायची.